शालेय गणितातील ‘सोडवलेले उदाहरण’ : एक चिकित्सक वाचन (मीरा-भाईंदरच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : सोडवलेले उदाहरण, शाब्दिक उदाहरण, पायरी, उपपत्ती, ताळा, पाठ्यपुस्तक, मीरा-भाईंदर

प्रस्तावना

मराठी गद्यप्रकारांच्या चर्चेत ज्या लेखनाची फारशी दखल घेतली गेलेली नाही, असा एक प्रकार म्हणजे गणिताच्या पाठ्यपुस्तकातील ‘सोडवलेले उदाहरण’ होय. कथा-कवितेकडे कधी न वळलेला मराठी माणूसही शालेय जीवनात अशी शेकडो उदाहरणे वाचतो, वहीत उतरवून घेतो आणि परीक्षेत त्याच घाटाचे लेखन स्वतः करतो. या लेखनाची सुरुवात ठरलेली असते (‘समजा’, ‘मानू’), त्याचे सांधे ठरलेले असतात (‘पहिल्या अटीनुसार’, ‘म्हणून’) आणि त्याचा शेवटही ठरलेला असतो (‘उत्तर’, खाली दोन रेघा). एखादे विधान पायरीपायरीने लेखी कसे सिद्ध करावे, याचा बहुतेकांना मिळणारा हा पहिला आणि पुष्कळदा एकमेव मराठी नमुना असतो. त्यामुळे त्याचे वाचन हे केवळ गणिताच्या अध्यापकांचे काम मानणे योग्य ठरणार नाही.

या लेखनप्रकारात पायऱ्या भरपूर असतात. परंतु भाषेतून राशीकडे नेणारी आणि काय गृहीत धरले ते सांगणारी पहिली पायरी बहुधा लिहिलीच जात नाही, आणि पुढच्या पायऱ्यांना जोडणारी कारणे ‘∴’ या तीन टिंबांत विरून जातात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या चिकित्सेसाठी मीरा-भाईंदर हे उचित क्षेत्र आहे. १९८५ मध्ये नगरपालिका आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेले हे शहर २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेले होते. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू या माध्यमांतून चालतात. खाजगी इंग्रजी शाळांची त्यात भर आहे. उत्तनचा कोळी-ख्रिस्ती परिसर, भाईंदरची मिठागरे व स्टीलची भांडी घडविणारे कारखाने आणि मीरारोडच्या गृहसंकुलांत देशभरातून आलेली कुटुंबे अशी येथील वस्ती आहे. घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि गणिताची तिसरी, अशी मुले येथे विरळ नाहीत. जुलै २०२५ मध्ये मीरारोड येथे मराठीच्या प्रश्नावरून मोर्चे निघाले, तेव्हा वाद दुकानातील बोलण्याचा होता. मूल कोणत्या भाषेत ‘म्हणून’ म्हणते, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. तो मोर्च्याचा विषय नव्हे, हेही खरे.

पूल ओलांडणारी गाडी

प्रथम एक सर्वपरिचित नमुना घ्यावा. २४० मीटर लांबीची आगगाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असून वाटेत ६०० मीटर लांबीचा पूल आहे; तो ओलांडण्यास तिला किती वेळ लागेल? (आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.) रूढ उकल अशी : ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. एकूण अंतर २४० + ६०० = ८४० मीटर. ∴ वेळ = ८४० ÷ १५ = ५६ सेकंद. उत्तर बिनचूक आहे. मात्र ‘एकूण अंतर’ या दोन शब्दांत या उदाहरणाचा सारा अर्थ गाडला गेला आहे. गाडीची लांबी मिळवायची का? मार्गदर्शकांतून आणि शिकवणीवर्गांतून याचे उत्तर नियमाच्या रूपात मिळते : पूल आला की बेरीज, खांब आला की फक्त गाडीची लांबी.

भाईंदरचे मूल हे उदाहरण प्रत्यक्षात अनुभवते. भाईंदर आणि नायगाव यांच्या दरम्यान वसईची खाडी आहे, खाडीत पाणजू बेट आहे आणि लोकल पुलावर शिरताच चाकांचा आवाज बदलतो. डब्याच्या दारापाशी उभ्या असलेल्या मुलीच्या दृष्टीने पूल सुरू होतो तो ती स्वतः पुलावर येते तेव्हा, आणि संपतो तो ती स्वतः पलीकडे पोहोचते तेव्हा. तिने कापलेले अंतर ६०० मीटरच आहे; तिला लागलेला वेळ ६०० ÷ १५ = ४० सेकंद. तिचे उत्तर पुस्तकातील उत्तराहून वेगळे आहे आणि ते चुकीचे नाही. गाडीचे पुढचे टोक पुलावर आल्यापासून मागचे टोक पुलावरून उतरेपर्यंतचा वेळ असा ‘ओलांडणे’ या क्रियापदाचा अर्थ पुस्तकाने मनातल्या मनात ठरविला आहे. तो अर्थ एका वाक्यात लिहिला असता, तर बेरीज का करावयाची हे निराळे सांगण्याची गरजच राहिली नसती. मुलीचा अनुभव आणि पुस्तकाचे उत्तर यांतील १६ सेकंदांचा फरकही स्पष्ट झाला असता. २४० मीटरची गाडी स्वतःची लांबी कापते ती नेमकी तेवढ्या वेळात.

गळालेली पायरी म्हणतात ती ही. ती गणनेची नसून वाचनाची पायरी आहे. ‘ओलांडणे’, ‘भेटणे’, ‘पुरणे’, ‘उरणे’ या साध्या मराठी क्रियापदांचा गणिती अर्थ निश्चित केल्याखेरीज शाब्दिक उदाहरण सुटत नाही, आणि सोडवलेल्या उदाहरणात तेवढेच लिहिलेले नसते.

सूत्र, उदाहरण आणि उपपत्ती

ही उणीव परंपरेतून आलेली आहे काय, हे पाहणे येथे अगत्याचे ठरते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (शके १०७२, इ.स. ११५०) हा या प्रदेशातील गणितशिक्षणाचा शतकानुशतके आधार राहिलेला ग्रंथ. त्यातील उदाहरणे कोणाला तरी संबोधून विचारलेली आहेत. प्रश्नाला ऐकणारी व्यक्ती आहे. भुंग्यांचे प्रसिद्ध उदाहरण घेतले, तर थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोन भागांतील अंतराच्या तिप्पट कुटजावर आणि एक भुंगा हवेत घोटाळत राहिला. तर भुंगे किती? ‘इष्टकर्म’ नावाच्या रीतीने ते असे सुटते : थवा ३० चा मानला, तर ६, १० आणि १२ जातात, २ उरतात. उरायला हवा १. म्हणजे मानलेली संख्या दुप्पट झाली. खरी संख्या १५. ताळा पाहावा : ३ + ५ + ६ + १ = १५.

या रीतीत गृहीतक उघड्यावर असते. ३० ही संख्या खोटी आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, वाचणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि त्या खोटेपणाचे माप घेऊनच खरे उत्तर काढले जाते. आजच्या ‘क्ष मानू’ मध्ये बीजगणिताची मोठी शक्ती आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थ्याच्या लेखी ‘मानू’ हा शब्द मानण्याची क्रिया उरलेला नाही. श्लोकापूर्वी ओम् लिहावा तसा तो लिहिला जातो.

तरीही पूर्वीचे सारे उत्तम होते असे म्हणता येणार नाही. श्लोकबद्ध सूत्र पाठ करणे सोपे होते. ते का खरे, हे श्लोक सांगत नाही. ते काम टीकाकारांनी केले. कोकणकिनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तीत सूत्रांच्या उपपत्ती दिल्या. म्हणजे या प्रकाराचे पूर्ण रूप सूत्र, उदाहरण आणि उपपत्ती असे त्रिदल होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत जर्व्हिस प्रभृतींच्या खटपटीतून मराठीत गणिताची छापील पुस्तके आली, विसाव्या शतकात पाठ्यपुस्तके राज्यव्यापी झाली (‘बालभारती’ची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची), या प्रवासात पहिली दोन दले टिकली. तिसरे शिक्षकाच्या तोंडी राहिले. शिक्षक चांगला असला, तर ते वर्गात उमलते. नसला, तर मुलाच्या हाती दोनच दले येतात, आणि हे नशिबावर सोपवलेले असते.

‘दसादशे’ आणि ‘पट’

मराठीत कारणे सांगण्याचे सामर्थ्य कमी आहे म्हणून ती गळाली, असा एक समज आढळतो. तो टिकणारा नाही. ‘दर साल दर शेकडा’ हा शब्दसमूह पाहावा. त्यात दोन प्रमाणे एकामागोमाग उभी आहेत : दर वर्षाला आणि दर शंभराला. ६,००० रुपये द.सा.द.शे. ८ दराने ३ वर्षे ठेवले, तर शब्द उलगडत गेले की उदाहरण आपोआप सुटते. शंभराला एका वर्षाचे ८. सहा हजारांत शंभर साठ वेळा, म्हणून वर्षाचे ४८०. तीन वर्षांचे १,४४०. ‘मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर’ हे सूत्र याच तीन वाक्यांचा सारांश आहे. सातवीच्या ‘बँक व सरळव्याज’ या प्रकरणापर्यंत पोहोचलेल्या मुलाला सहावीतील एकमान पद्धत आलेली असते. तिच्याच बळावर हे सूत्र त्याला स्वतः बांधता येते. प्रत्यक्षात ‘दसादशे’ हा एकच, निरर्थक, मंत्रासारखा शब्द बनतो आणि भागिले शंभर कोठून आले हे कोणी विचारीत नाही.

वाक्यरचनेच्या बाबतीत तर मराठी काही ठिकाणी इंग्रजीहून सोयीची आहे. अमेरिकेत १९८० च्या सुमारास अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे विधान समीकरणात लिहावयास सांगितले असता एक तृतीयांशाहून अधिकांचे समीकरण चुकले, आणि त्यांतील बहुतेकांनी सहाचा आकडा उलट बाजूस, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संख्येला लावला. इंग्रजी वाक्यात ‘सहापट’ हे शब्द ‘विद्यार्थी’ या शब्दाला चिकटून येतात आणि डावीकडून उजवीकडे शब्द उतरवीत गेले की चूक होते. मराठीत ‘विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या संख्येच्या सहापट आहे’ असे म्हटले, की सहा हा आकडा षष्ठीच्या प्रत्ययाने प्राध्यापकांच्या संख्येशीच बांधला जातो. वाक्याचा अन्वय लावला की समीकरण समोर उभे राहते. मराठीच्या तासाला शिकविले जाणारे विभक्तिप्रत्यय गणिताच्या तासाला इतके उपयोगी पडतात, हे दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकमेकांना सांगण्यासारखे आहे.

अर्थात मराठीचेही खाचखळगे आहेत. ‘पाचने जास्त’ ही बेरीज, ‘पाचपट’ हा गुणाकार. पण ‘तीन पटींनी वाढले’ म्हणजे शंभराचे तीनशे झाले की चारशे? वृत्तपत्रीय मराठीत दोन्ही अर्थ सर्रास चालतात. सेमी-इंग्रजी वर्गात हा गुंता आणखी वाढतो : वाक्य इंग्रजीत छापलेले, स्पष्टीकरण मराठीत, आणि मीरारोडच्या एखाद्या मुलाच्या घरी भोजपुरी किंवा गुजराती. षष्ठीचा तो आधार अशा वर्गात हाताशी असूनही वापरला जात नाही.

२०१९ चा वाद

भाषेतून अंकाकडे जाणारी पायरी सार्वजनिक चर्चेत आली ती एकदाच, जून २०१९ मध्ये. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’ सोबत ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची रीत दिली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (निधन : १७ जुलै २०२३) यांनी त्याची कारणे जाहीरपणे मांडली होती. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दशक आधी येतो. शिवाय जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांना जड जातात. वाद विधिमंडळापर्यंत गेला आणि तेथे नावांवरच्या कोट्यांवर संपला.

‘एकवीस’ ची व्यवस्था मोडावयास नको होती, असे मानण्यास जागा आहे. उच्चार आणि लेखन यांतील उलटक्रम हीच स्थानिक किंमत समजावून सांगण्याची उत्तम संधी असते. परंतु ज्या प्रश्नाला ती सुधारणा उत्तर देऊ पाहत होती, तो प्रश्न खरा होता. मीरा-भाईंदरच्या वर्गात त्याचे आणखी एक रूप दिसू शकते. ८९ ला मराठीत ‘एकोणनव्वद’ म्हणतात, म्हणजे नव्वदाला एक उणे. हिंदीत ‘नवासी’, म्हणजे ऐंशी आणि नऊ. एकच संख्या एका भाषेत वजाबाकीने आणि दुसरीत बेरजेने घडते. घरी हिंदी बोलणारे मूल ‘एकोणनव्वद’ ऐकून ९१ लिहिते, तेव्हा त्याला गणित येत नाही असे म्हणणे घाईचे ठरते.

रिकाम्या चौकटी

दहावीच्या २०१८ च्या अभ्यासक्रमानंतर मंडळाच्या प्रश्नपत्रिकांत ‘खालील कृती पूर्ण करा’ हा प्रश्नप्रकार स्थिरावला. उकल छापलेली असते, अधूनमधून चौकटी रिकाम्या असतात आणि विद्यार्थ्याने त्या भरावयाच्या असतात. या प्रकारावर ‘गाळलेल्या जागा’ म्हणून टीका होते; ती काहीशी अन्यायकारक आहे. ऑस्ट्रेलियातील स्वेलर व कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या संदर्भात दाखवून दिले, की नवशिक्याला नुसती उदाहरणे सोडवीत बसण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासण्याचा अधिक लाभ होतो. पुढील संशोधनातून पूर्ण उकलीतील पायऱ्या हळूहळू गाळत विद्यार्थ्याला स्वतंत्र करण्याची पद्धती पुढे आली. चौकट ही कल्पना त्याच जातीची आहे.

प्रश्न असा आहे, की चौकट कशावर ठेवली जाते. ती संख्येवर ठेवली, तर वरची ओळ पाहून खालची भरता येते; ‘क्ष = १२’ पर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला क्ष हे मुलाचे वय होते की वडिलांचे, हे आठवण्याची गरज पडत नाही. वडिलांचे वय आज मुलाच्या तिप्पट असून बारा वर्षांनी दुप्पट होणार असेल, तर ३क्ष + १२ = २(क्ष + १२) या समीकरणात दोन्ही बाजूंना १२ का आले, कंस उजवीकडेच का, हे विचारणारी चौकट हवी. बारा वर्षे दोघांचीही जातात, हे एवढे वाक्य. भूमितीत कारण लिहिण्याची चाल टिकून आहे, कंसात ‘व्युत्क्रम कोन’ असे लिहावे लागते; कारणाच्या चौकटी तेथे आढळतात. अंकगणिताला आणि बीजगणिताला ती शिस्त लावली गेली नाही.

गुणदानाचाही यात वाटा आहे. पायरीला अर्धा गुण ही पद्धत दयाळू आहे. उत्तर चुकले तरी श्रम वाया जात नाहीत. मात्र तिने पायरीचे वाचक बदलले. पायरी स्वतःला पटविण्यासाठी लिहिली जाईनाशी झाली, तपासनिसाला दाखविण्यासाठी लिहिली जाऊ लागली. म्हणूनच ज्या कृतीला गुण नाहीत ती आधी गेली : ताळा. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात उकलीचा अखेरचा टप्पा म्हणून ‘मागे वळून पाहणे’ सांगितले, त्याचे जगभर कौतुक झाले. मराठीत त्यासाठी घराघरांत बोलला जाणारा शब्द पूर्वीपासून होता.

नळ, रिक्षा आणि वाटा

ताळा गेल्याचे परिणाम परदेशांतही मोजले गेले आहेत. फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९७९-८० च्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना जहाजावरील मेंढ्या-बकऱ्यांची संख्या देऊन कप्तानाचे वय विचारले गेले. ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची खटपट करून वय काढून दाखविले. येथेही ४० विद्यार्थ्यांना मीरारोड स्थानकापर्यंत न्यायचे असून एका रिक्षात तिघे बसतात, तर रिक्षा किती, या प्रश्नाला ‘१३, बाकी १’ असे उत्तर वहीत सहज खपते. तेच मूल रस्त्यावर चौदावी रिक्षा थांबवील.

पाण्याचे उदाहरण याहून गंभीर आहे. एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत; दोन्ही सोडले तर एका तासात १/६ + १/३ = १/२ हौद, म्हणून दोन तास. मीरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही. स्टेम प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून आलेल्या पाण्यावर शहराची अनेक वर्षे गेली, आणि अपुऱ्या पाण्याचे व टँकरचे गणित येथील इमारतींना पाठ आहे. दोन नळ एकदम सोडले की दोन्हींची धार बारीक होते, हे येथील मुलाला माहीत असते. पुस्तकातील उकल बरोबर ठरते ती प्रवाह एकसारखा राहतो आणि एका नळाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही, या दोन गृहीतकांवर. ती लिहिली, तर मूल शिकते की गणित वास्तवाला कोठे सोडून जाते आणि का. न लिहिल्यास ते शिकते की शाळेतला हौद निराळा असतो. दुसरा धडा अधिक पक्का बसतो.

वास्तव जीवन पुस्तकात आणण्याचा प्रयत्न झालेला नाही असे नाही. दहावीतील ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात वस्तू व सेवा कराची बिले आहेत, समभाग आहेत. बाजारात जाणारे इतके थेट प्रकरण पूर्वी क्वचित असेल. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी रद्द झाले आणि त्या प्रकरणातील दरपत्रक जुने झाले. दर बदलतात, शेकड्याचा विचार बदलत नाही. विद्यार्थ्याच्या हाती काय उरते, हे त्याने दर पाठ केला की विचार, यावर अवलंबून असते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच गणिते कागदावर नुसत्या संख्यांत दिली, तेव्हा सुमारे ३७ टक्के. एका मुलाने दहा नारळांची किंमत शून्य जोडून न काढता तीन-तीनांचे गट करून काढली. उत्तन-भाईंदरच्या बाजारात वाट्यावर मासे विकणारी कोळीण आणि अर्धवट वाट्याचा भाव ठरविणारे गिऱ्हाईक अशाच गटांनी हिशेब करतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी या जुन्या पाठांतरात त्या रीतीचा सांगाडा होता. त्या पाठांतराची आज हळहळ करण्याचे कारण नाही, तेही पुष्कळदा छडीच्या धाकाने झाले. परंतु ‘सव्वादोनशेचे अडीचपट’ तोंडी सांगताना मन ज्या पायऱ्या घेते, त्या लिहून दाखविणारे सोडवलेले उदाहरण मराठीत असावयास हवे. दोनशेचे अडीचपट पाचशे, पंचविसाचे साडेबासष्ट, एकूण पाचशे साडेबासष्ट. यात तीनच पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीचे कारण ऐकू येते.

महाविद्यालयीन स्तरावर या साऱ्याचे पर्यवसान वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाच्या वर्गात दिसते. चक्रवाढ व्याजाचे सूत्र फळ्यावर येताच वर्ग ते उतरवून घेतो. व्याज तिमाही आकारले जाते असे वाक्यात असले, तर दराला चाराने भागायचे आणि मुदतीला चाराने गुणायचे, हेही पाठ असते. भागणे कशासाठी आणि गुणणे कशासाठी, असे विचारले की शांतता पसरते. त्या वेळी प्राध्यापकाने सूत्र पुसून, शंभर रुपयांना पहिल्या तिमाहीत किती, मग त्या वाढलेल्या रकमेला दुसऱ्या तिमाहीत किती, अशी चार वाक्ये मराठीत लिहिली, तर सातवीत राहून गेलेला तास तेथे घेतला जातो. त्याला सुमारे दहा मिनिटे लागतात.